सरवा कुणाचा

दौंडच्या रेल्वे फाटकापाशी कडब्याचे ट्रॅक्टर थांबायला लागले की माझ्या तोंडात ते गीत आपोआप येतं. फाटक बंद असतं, मालगाडी संपता संपत नाही, आणि कडब्याचा वाळलेला गोडसर वास डिझेलच्या धुरातूनही वेगळा ओळखू येतो. मी भाजीची पिशवी घेऊन उभी असते आणि माझे ओठ हलत असतात. मागे एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, "काकू, काय पुटपुटताय?" मी म्हटलं, काही नाही. खरं तर मी गात होते.

शेत धन्याचे पिकुनी आले, उठा कामकरी चला,
घाम गळे त्या मातीमधुनी दाणा दाणा भरला.

माझ्या माहेरी, शिरूर तालुक्यातल्या एका गावात, हंगामाच्या सणाला हे गीत म्हणतात. गावात ख्रिस्ती घरं वीस-बावीस. एक लहानसं दगडी देऊळ, वर पत्रा, दारात चिंच. चर्चला आम्ही देऊळच म्हणत आलो. शाळू ज्वारी निघाली की एक रविवार ठरतो. त्या दिवशी जो तो आपल्या रानातलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवतो. कणसं, कांदे, लाल भोपळा, कुणी पाय बांधलेली कोंबडी. ती कोंबडी प्रार्थनेच्या वेळी हमखास ओरडते आणि पोरं हसतात. मग पाळकसाहेब पेटीवाल्याकडं बघतात, सगळे उभे राहतात आणि गीत सुरू होतं. चाल सोपी आहे. एकदा कानात गेली की जन्मभर निघत नाही.

मला हे गीत आवडतं, आणि आवडतं याचाच मला राग येतो.

गीत देवळात वर्षातून एकदा व्हायचं, काढणीच्या दिवसांत रानात रोज. ज्वारी काढणं म्हणजे विळ्यानं कापणं नव्हे. आमच्याकडं ती मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी चार-पाच ताटं, म्हणजे धाटं, धरायची, कंबरेतून मागं रेटायचं, माती सुटली की मुळं पायाच्या नडगीवर आपटून झाडायची आणि डाव्या बाजूला टाकायचं. धरा, ओढा, आपटा, टाका. गीताच्या एका ओळीत ही चारही कामं बसायची. त्यामुळं बायका ते गायच्या. आमच्या टोळीत सगळ्या काही ख्रिस्ती नव्हत्या. रहिमतबी होती, बौद्धवाड्यातल्या दोघी-तिघी होत्या. पण गीत सगळ्यांना पाठ. रहिमतबीचा आवाज सगळ्यांत वर. ती गाताना मध्येच थांबून म्हणायची, "ए सोनाबाई, तुझा देव रोज म्हणतो उठा उठा. एक दिस बसा म्हणायला काय जातं त्याचं?" आई हसायची, पण हात थांबवायची नाही.

सोनाबाई म्हणजे माझी आई. वडील मी सहा वर्षांची असताना गेले. त्यानंतर आई होती, मी होते, आणि जिथं आम्ही मजुरीला जायचो ते आप्पांचं रान होतं.

सकाळी ताटांवर दव असायचं. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं व्हायचं आणि ऊन वर आलं की अंगावरच वाळायचं. ज्वारीवर चिकटा पडलेला असला की हातांना काळा थर बसायचा, बोटं एकमेकांना चिकटायची, आणि भाकरी खायला बसल्यावर ती पाण्यानं धुऊन निघायची नाहीत. मातीनं घासावी लागायची. पानांच्या कडांनी मनगटावर बारीक रेघा उठायच्या. आईचे हात लांबून बघितले तर कुणी पेन्सिलीनं रेघोट्या मारल्यासारखे दिसायचे. काळ्या रानाला भेगा पडलेल्या असायच्या. त्यात पाय गेला की टाच सोलून निघायची. मी आईच्या मागं मागं पेंढ्यांना आळे द्यायला असायचे. आळा म्हणजे ताटाचाच बंध. ताट पिळून दोरीसारखं करायचं आणि पेंढी आवळायची. शाळा सुटल्यावर मी यायचे, आणि काढणी जोरात असली की शाळा बुडवूनही.

बुडवूनही मी चौथीत पहिली आले. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर लोक म्हणतात, मग पुढं का शिकला नाहीत? जशी काही मीच कंटाळून घरी बसले.

ज्या हंगामाबद्दल मी हे लिहिते आहे तो माझ्या चौथीच्या वर्षाचा. गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला पलीकडच्या गावाला चालत जायचं, दिवस सगळा त्यात जाणार. म्हणजे कामाचा माझा अर्धा हात घरातून कमी होणार. पावसाळ्यात रानात काम कमी असतं तेव्हा घरात दाणे असतील तरच हे जमण्यासारखं होतं. आईनं दिवाळीच्या सुमारासच सांगून टाकलं होतं, "यंदा सरव्याचं पोतं भरलं की तू साळंत. मी एकली जाईन कामाला."

सरवा म्हणजे पेंढ्या उचलून नेल्यावर रानात मागं राहिलेली कणसं. कुणाचं ताट मोडतं, कुठं कणीस गळतं, काही पाखरांनी अर्धं खाल्लेलं असतं. हा सरवा काढणीच्या बायकांचा. मालकानं रानात गुरं सोडायच्या आधी बायकांनी वेचायचा आणि ओटीत भरून घरी न्यायचा. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण कुठल्याही रानात कुणीही मालक त्याला हात लावत नसे. दिवसभराची मजुरी वेगळी, सरवा वेगळा. मजुरी मालक देतो. सरवा रान देतं, असं आई म्हणायची.

त्या वर्षी मी सरवा जसा वेचला तसं मी पुढं आयुष्यात काहीच मन लावून केलं नाही. भेगांत बोटं घालून कणसं काढली. मुंग्यांनी वारुळाच्या तोंडाशी ओढत नेलेली काढली. पेंढ्यांच्या खाली, बांधाच्या कडेला, बोरीच्या काट्यात अडकलेली. प्रत्येक कणसाला मी मनात म्हणायचे, ही पाचवीची पाटी, ही पाचवीची वही. घरी आल्यावर आई आणि मी ती काठीनं बडवायचो, सुपात पाखडायचो आणि पोत्यात ओतायचो. पोतं कोपऱ्यात उभं होतं. रोज सकाळी मी त्याला हात लावून बघायचे, कुठवर आलं. निम्म्याच्या वर गेलं होतं.

आता आप्पांबद्दल. आप्पा आमच्या मंडळीतले, म्हणजे देवळाच्या सभासदांतले, सगळ्यांत मोठे जमीनवाले, आणि मंडळीच्या पंचांतले पहिले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, हातात काळी छत्री, ऊन असो नसो. हंगामाच्या सणाला गीताची सुरुवात ते करायचे. दुसरं कडवं त्यांचं आवडतं.

थकला जरी हा हात तरीही सोडू नको रे काम,
पाहतसे तो धनी वरूनी तुझा गळे जो घाम.

हे म्हणताना ते मागं वळून आमच्याकडं, बायकांच्या बाजूला बघायचे. लहानपणी मला गाण्यातला धनी आप्पांसारखाच दिसायचा, ढगावर छत्री घेऊन उभा.

काढणीचं शेवटचं मोठं रान राहिलं होतं, नदीकडचं. तिथं सरवा सगळ्यांत जास्त पडायचा, कारण तिथली ज्वारी डोक्यापेक्षा उंच. आम्ही दोन दिवस काढली, तिसऱ्या दिवशी पेंढ्या उचलल्या, आणि दुपारनंतर सगळ्या जणी सरव्याला वाकल्या. संध्याकाळी ओट्या इतक्या भरल्या होत्या की चालताना बायका पोटुशा दिसत होत्या. रहिमतबी म्हणाली, "सोने, आपल्याला नऊ महिने एका दिसात भरले." सगळ्या हसल्या. मीही हसले, अर्थ कळला नाही तरी.

बांधावर आप्पा उभे होते. शेजारी रिकामं पोतं, तोंड उघडून ठेवलेलं.

"सरवा यात टाका," ते म्हणाले. "यंदा देवाला भरलेलं पोतं द्यायचंय. रविवारी वेदीपुढं ठेवू. रान देवाचं, सरवा बी देवाचाच. ओट्या सोडा."

कुणाला आधी कळलंच नाही. रहिमतबीला कळलं. ती म्हणाली, "आप्पा, तुमचा देव उपाशी हाय का?"

"तोंड सांभाळ, रहिमत."

"माझं तोंड बरं हाय. माझ्या लेकरांची तोंडं कशी सांभाळू ते सांगा." आणि ती ओटी दोन्ही हातांनी धरून, त्यांच्या छत्रीच्या अगदी कडेनं, निघून गेली. मागं वळून बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिला कामावर बोलावलं नाही. पुन्हा कधीच नाही.

माझ्या आईनं ओटी सोडली. पदराची गाठ सोडली, कणसं पोत्यात पडली, तिनं पदर झटकला. त्यातला पाचोळा माझ्या डोळ्यांत गेला. मग आप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या परकराच्या ओच्यात मूठ-दोन मुठी कणसं होती. "तुझं बी," ते म्हणाले. मी आईकडं बघितलं. आई दुसरीकडं बघत होती. मी टाकली.

त्या रविवारी देवळात वेदीपुढं पोतं उभं होतं, झेंडूची माळ घातलेलं. त्याला पुठ्ठा लावला होता. त्यावर आप्पांचं नाव आणि खाली 'प्रथमफळ', म्हणजे आपल्या पिकातला देवाला दिलेला पहिला वाटा. मला वाचता येत होतं. चौथीत होते ना, वर्गात पहिली. मी सगळ्यांच्या आधी वाचलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय लिवलंय गं?" मी म्हटलं, "आप्पांचं नाव." ती म्हणाली, "बरं झालं." काय बरं झालं हे तिलाही माहीत नव्हतं. मग सगळे उभे राहिले आणि आप्पांनी सूर लावला. पीक, घाम, दाणा. माझ्या मुठीतली कणसंही त्याच पोत्यात होती, कुठली ती मला ओळखूही येत नव्हती.

घरातलं आमचं पोतं निम्म्यावरच राहिलं. जूनमध्ये पाचवीची मुलं पलीकडच्या गावाला जायला लागली. मी आईबरोबर तण भांगलायला गेले.

ही सगळी गोष्ट एवढीच आहे. कुणी मेलं नाही, कुणाला मारलं नाही. लोक म्हणतील, दोन ओट्या ज्वारीचं एवढं काय? म्हणून मी ती चाळीस-बेचाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही. पण दोन ओट्या ज्वारी नव्हती ती. माझी पाचवी होती, आणि पुढची सगळी वर्षं.

सगळे म्हणतात मी बुजरी आहे. लग्न होऊन दौंडला आले तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी शेजारणींना सांगितलं, "आमची सून लई बुजरी हाय." नवरा रेल्वेत गँगमन होता. क्वार्टरमधल्या बायका संध्याकाळी रुळांच्या बाजूला गप्पा मारत बसायच्या, मी दाराआड ज्वारीचं पीठ चाळत बसायचे. मुलांच्या शाळेत पालकांची सभा असली की मी मागच्या बाकावर. बँकेत फॉर्म आला की मी तो शेजारच्या माणसापुढं सरकवायचे आणि तो विचारायचा, "येत नाही का?" येतं. मराठी येतं. मी गीतांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं आहे. पण फॉर्म भरताना मला वाटायचं की यात काहीतरी पाचवीतलं असणार, जे मला शिकवलेलं नाही.

मी बुजरी जन्मले नव्हते. चौथीत गुरुजींनी प्रश्न विचारला की माझा हात आधी वर असायचा. कधी कधी प्रश्न पुरा व्हायच्या आधी. तो हात माझाच होता. त्याच हातानं मी ओचा सोडला. त्यानंतर तो वर गेलाच नाही.

दौंडला आल्यावर मी हे गीत भाकरी थापताना म्हणायला लागले. परातीवर हाताची लय आणि त्या ओळींची लय एकच आहे. थापा, फिरवा, थापा, फिरवा. भाकरी तव्यावर टाकताना कडवं संपतं. आणि दर वेळी मला वाटतं, अरे, हे काय म्हणतो आहोत आपण? या गीतात कामकऱ्यानं काय करायचं ते सगळं आहे. पहाटे उठावं, थकू नये, कुरकुर करू नये, विश्वासानं राबावं. धन्यानं काय करायचं, ते एका ओळीतही नाही. तो फक्त वरून बघतो. बघून काय करतो? त्या दिवशी बांधावर बघत होता का? बघत असेल तर त्यानं आप्पांच्या छत्रीवर एखादा दगड तरी का टाकला नाही?

पाळकसाहेब हे वाचतील तर म्हणतील, सुशीलाताई, असं बोलू नये. मी देवावर रागावलेली नाही. देवाचं नाव घेऊन जो पोत्याचं तोंड उघडतो त्याच्यावर रागावले आहे. विश्वासू असावं, हे मला मान्य आहे. पण विश्वासू राहायचं काम सगळं आमच्याकडंच का? आईनं कुठल्याच दिवशी एक पेंढी कमी बांधली नाही. आप्पांनी पिढ्यान् पिढ्यांची रीत मोडली आणि तिला प्रथमफळ म्हटलं. विश्वासू कोण?

यंदा जानेवारी संपता संपता आप्पांचा मुलगा, भाऊसाहेब, आईकडं आला. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. आता पंचांत भाऊसाहेब पहिले. रानात ज्वारी थोडी, ऊस जास्त, कारखान्याच्या गाड्या हंगामभर दारात. मी आईला भेटायला गेले होते, म्हणून समोर होते. तो खुर्चीवर बसला, आईला मावशी मावशी करत होता.

"मावशी, यंदा हंगामाच्या सणाला तुमचा सत्कार करायचाय. विश्वासू कामकरी म्हणून. चाळीस वर्षं तुम्ही आमच्यात काम केलं, आजकाल अशी माणसं मिळत नाहीत."

आई म्हणाली, "बरं."

एवढंच. बरं. मी चहाचा कप तसाच हातात धरून उभी होते. तो गेल्यावर मी म्हटलं, "तू जाणार?"

"बोलवलंय तर जायचं."

"शाल पाहिजे का तुला त्यांची?"

"हिवाळ्यात हुईल."

माझ्या अंगाचा भडका उडाला. इतकी वर्षं मी आईला एक प्रश्न विचारला नव्हता, तो त्या दिवशी विचारला. "तू त्या दिवशी ओटी का सोडलीस? रहिमतबीनं नाही सोडली."

आई पाटावर बसून लसूण सोलत होती. तिनं वर बघितलं नाही. "रहिमतला दुसऱ्या दिशी कुणी कामाला घेतलं? तिचा नवरा हुता बांगड्या विकायला. माझं कोण हुतं? ओटी धरली असती तर तुला साळा मिळाली असती, भाकर न्हाई."

"शाळाही नाही मिळाली."

"व्हय," आई म्हणाली. "ती न्हाईच मिळाली." आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

आईवरचा माझा राग तेव्हा गेला का? नाही. थोडा हलला. पण तिनं शाल घ्यायला जावं हे मला पटत नव्हतं. मी दौंडला परत आले ती मनात धुमसतच. एसटीत शेजारी कुणीतरी हरभऱ्याचा डहाळा खात होतं, मला दिला, मी घेतला नाही. इतका राग होता.

सणाच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेले. गावात शिरतानाच फलक दिसला. डिजिटल छपाईचा, चौकात लावलेला. वर आप्पांचा मोठा फोटो, हसरा, फेट्यासकट. खाली कोपऱ्यात माझ्या आईचा, आधार कार्डावरचा, डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडं बघणारा, जणू काही कुणी तिला चोरी करताना पकडलं आहे. मध्ये त्या गीताच्या दोन ओळी. थकला जरी हा हात. मी तिथं थांबून सगळं वाचलं. इतकी वर्षं झाली, तरी सगळ्यांच्या आधी वाचायची माझी सवय गेली नाही.

रविवारी देऊळ भरलं होतं. पुण्याहून, शिरूरहून लोक आले होते. वेदीपुढं कांदे, उसाच्या मोळ्या, ड्रॅगन फ्रूटसुद्धा कुणीतरी ठेवलं होतं. कणसांची एकच टोपली होती. आईला पुढं खुर्चीवर बसवलं. ती टेकून बसली नाही, कडेवर बसली, कुणी उठवलं तर पटकन उठता येईल अशी. मी बायकांच्या बाजूला, नेहमीप्रमाणं मागं, खांबाआड.

भाऊसाहेबांनी माइक घेतला. बोलणं छान आहे त्यांचं. "सोनाबाईंनी आमच्या घरी चाळीस वर्षं विश्वासानं काम केलं. कधी कशाला नाही म्हटलं नाही. कधी काही मागितलं नाही. गीतात जसं आहे, तशाच." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी आईच्या खांद्यावर शाल घातली, तांबड्या रंगाची, किनारीला जर. मग माइक तिच्या तोंडापुढं धरला. "मावशी, दोन शब्द."

आईनं माइक चुलीच्या फुंकणीसारखा दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं ती देवाचे आभार मानेल आणि बसेल. मी खाली बघत होते.

"घरी न्हाई," आई म्हणाली. "रानात केलं काम."

लोक हसले. भाऊसाहेबही हसले. "हो, हो, रानात."

"आन् मी एकली नव्हते. माझी पोर बी हुती. धा वर्साची. तिचं नाव न्हाई घेतलंस."

"सगळ्यांचेच आभार आहेत, मावशी."

"समद्यांचं नगं. तिचं घे."

भाऊसाहेबांनी इकडंतिकडं बघितलं, मग आईकडं वाकून हळू विचारलं, पण माइक मध्येच होता, त्यामुळं सगळ्या देवळाला ऐकू गेलं. "काय नाव तिचं?"

"तिलाच इचार की. बसलीया ती तिकडं, खांबामागं."

माना वळल्या. इतक्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडं कधीच बघितलं नव्हतं. एक विचार असा आला की सरळ चपला शोधून बाहेर जावं. आई पुढं उभी होती, शाल एका खांद्यावरून घसरलेली, आणि ती माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी बांधावर दुसरीकडं बघत होती तशी नाही. सरळ.

मी उठले. "सुशीला," मी म्हटलं. आवाज कुणाचातरी दुसऱ्याचाच वाटला. "चौथीत पहिली आले होते. पाचवीत जाणार होते. त्या हंगामात तुमच्या वडिलांनी बांधावर पोतं उघडून आमच्या ओट्या सोडायला लावल्या. आमचा सरवा नेऊन या वेदीपुढं ठेवला आणि त्यावर स्वतःचं नाव लावलं. म्हणून मी गेले नाही."

मागं कुणीतरी खोकललं. एका म्हातारीनं "व्हय, खरं हाय" म्हटलं, अगदी हळू, पण म्हटलं. भाऊसाहेबांचा चेहरा पडला. वाईट माणूस नाही तो, त्याला बहुतेक ठाऊकच नव्हतं. पण ठाऊक नसणं हे सुद्धा कुणाकुणालाच परवडतं. ते म्हणाले, "ताई, आज सणाचा दिवस आहे. आपण नंतर बोलू."

पाळकसाहेबांनी घाईनं पेटीवाल्याकडं बघितलं. पेटी वाजायला लागली, आणि सगळे उभे राहिले. मी आधीपासूनच उभी होते. सगळे उठल्यावर ते कुणाला दिसलं नाही.

शेत धन्याचे पिकुनी आले. चारही कडवी झाली. तबला जरा जास्तच जोरात होता. माझ्या शेजारच्या पोरीनं पुस्तक माझ्यापुढं धरलं, मी मान हलवली. मला पुस्तक लागत नाही, आणि मी गातही नव्हते. आईही गात नव्हती. ती माइक हातात धरून तशीच उभी होती, भाऊसाहेबांनी दोनदा हात पुढं केला तरी तिनं तो परत दिला नाही.

गीत संपलं. लोक सतरंजीवर बसले, पदर सावरले, पोरांना मांडीवर घेतलं. पाळकसाहेब प्रार्थनेसाठी हात जोडायला लागले.

मी बसले नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, या वेळी जरा मोठ्यानं.